लीख की टरफल?

एखाद्या मसुद्यावर कुणी बारीकसा आक्षेप घेतला की हल्ली मराठी बैठकीतही उत्तर तयार असतं: ‘उगाच निटपिकिंग नको.’ खुसपट काढणं, शब्दाचा कीस पाडणं, उणीदुणी शोधणं असे खास आपले शब्द हाताशी असताना हा परका शब्द रुळला, त्यामागे सोय आहे. ‘तू खुसपट काढतोस’ म्हटलं तर समोरचा चिडतो, वाद घालतो. ‘निटपिकिंग’ म्हटलं की तो गप्प बसतो, कारण शिवी असूनही ती कामकाजाच्या भाषेतली वाटते. आक्षेप खरा होता की खोटा, हे पाहायचं राहूनच जातं.

हे थांबायला हवं, असं मला वाटतं. चूक लहान आहे एवढं दाखवून ती निरुपद्रवी ठरत नाही. चूक खरी आहे एवढं दाखवून ती बैठक थांबवून सांगण्याजोगीही ठरत नाही. मग कुठली सांगायची आणि कुठली सोडायची? याचं बरंचसं उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे. मात्र त्यासाठी उवा-लिखांबद्दल थोडं नीट माहीत असावं लागतं.

‘निट’ म्हणजे लीख, उवेचं अंडं. जुन्या इंग्रजीत ‘ह्निटु’, जर्मनमध्ये ‘निस’, आणि ग्रीकमधला ‘कोनिस’ त्याच कुळातला. ‘पिक’ म्हणजे वेचणं. दोन्ही शब्द जुने असल्यामुळे ही जोडीही शेकडो वर्षांची असावी असा समज होतो. तसं नाही. क्षुल्लक दोष काढणं या अर्थाने तिची शब्दकोशांत दिली जाणारी पहिली छापील नोंद १९५१ सालची आहे. ‘कॉलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकाने पेंटागॉनमधल्या, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयातल्या, बोलीवर लिहिताना दोन जमातींची ओळख करून दिली होती. एक ‘फ्लायस्पेकर’, कागदावर माशीने टाकलेले ठिपके शोधणारे. मजकूर सुधारण्यापेक्षा त्यात खोट सापडावी याच आशेने ते कागद चाळतात. दुसरे ‘निटपिकर’. हे शब्दयोजनेतल्या आणि अर्थातल्या फुटकळ गोष्टींवरून भांडतात, आणि शेवटी सुधारणेची एकही ठोस, समर्थनीय सूचना न करताच उठतात.

या व्याख्येला दोन पाय आहेत. विषय फुटकळ असणं हा एक, आणि हाती काहीच सूचना नसणं हा दुसरा. गेल्या सत्तर वर्षांत शब्द जगभर पसरला, पण वाटेत त्याचा दुसरा पाय गळून पडला. आज नेमकी दुरुस्ती सुचवणाऱ्यालाही निटपिकर म्हणतात. मूळ पेंटागॉनी अर्थाने तो निटपिकर नाहीच.

इंग्रजीतले याच भावकीतले जुने शब्द तपासले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. ‘कॅप्शस’ हा लॅटिन ‘काप्तिओ’वरून आला: पकडणं, आणि त्यावरून शब्दात पकडणारा फसवा युक्तिवाद. ‘कॅव्हिल’च्या मुळाशी टिंगल आहे. ‘सेन्सोरियस’ रोममधल्या सेन्सॉर या अधिकाऱ्यावरून. हे दोघे असत. लोकसंख्या आणि मालमत्तेची नोंद ठेवणं आणि वर्तन न शोभणाऱ्याला सेनेटमधून काढणं ही त्यांची कामं. इसवी सनपूर्व १८४ मध्ये सेन्सॉर झालेल्या केटोने मनिलियस नावाच्या सदस्याला काढून टाकलं, कारण त्याने दिवसाढवळ्या मुलीच्या देखत बायकोला मिठी मारली होती, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तर हे सगळे जुने शब्द दोष काढणाऱ्याची वृत्ती पकडतात: सापळा लावणारा, टिंगल करणारा, दुसऱ्याच्या वर्तनाचा पहारेकरी. ‘निटपिकिंग’ या शब्दात मात्र मोजमाप दोषाच्या आकाराचं आहे. म्हणून तो वापरायला इतका सोपा. समोरच्याची वृत्ती वाईट आहे हे दाखवायला काही पुरावा लागतो. दोष बारीक आहे असं कुणीही, कधीही म्हणू शकतो.

न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, ही फोड फार पूर्वीच केली होती, आणि ती आकारावर बेतलेली नव्हती. सत्य शोधण्यासाठी चालते ती चर्चा वाद, जिंकण्यासाठी चालते तो जल्प. आणि वितंडा? न्यायसूत्र एका ओळीत सांगतं: जल्पच, पण ‘प्रतिपक्षस्थापनाहीन’. समोरच्याचं खोडून काढायचं आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही. पेंटागॉनच्या बोलीतल्या निटपिकरची खोड ती हीच. वाक्छलाचं, म्हणजे बोलणाऱ्याचा शब्द मुद्दाम भलत्या अर्थाने घेण्याचं, उदाहरणही न्यायसूत्राचा भाष्यकार वात्स्यायन याने दिलेलं आहे. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला मुलगा; पण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नऊही. त्यावर छल करणारा म्हणतो, ‘नऊ कुठे, याच्याकडे तर एकच आहे.’ हा शुद्ध कॅप्शसपणा. आक्षेप एका शब्दापुरता आहे हा त्यातला दोष नाहीच. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय हे कळत असूनही न कळल्याचं सोंग घेणं हा दोष.

आपल्याकडे तर लिक्षा हे चक्क माप होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ लिक्षांची एक यूका म्हणजे ऊ, आठ यूकांचा एक यवमध्य, आठ यवमध्यांचं एक अंगुल. एका अंगुलात ५१२ लिक्षा बसतात. (अंगुल पावणेदोन-दोन सेंटीमीटरचं धरलं तर ही लिक्षा खऱ्या लिखेच्या विसाव्या हिश्शाएवढीच भरते. हे बोलून दाखवणं कशात मोडतं, ते वाचकानेच ठरवावं.) मनुस्मृतीत धातूंच्या वजनांच्या उतरंडीतही ती तळाच्या दुसऱ्या पायरीवर आहे: आठ त्रसरेणूंची (उन्हाच्या तिरिपेत दिसणाऱ्या धूलिकणांची) एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई. सोनं तोलणाऱ्याला लिक्षेएवढा फरक क्षुल्लक म्हणून चालत नसे.

आता खऱ्या लिखेकडे. लीख जेमतेम ०.८ मिलिमीटर लांब असते. मादी ऊ दिवसाला आठपर्यंत अंडी घालते, आणि ती केसाच्या बुडाशी, कारण अंडं उबवायला टाळूची ऊब लागते. अंडं केसाला एका चिवट गोंदाने घट्ट चिकटलेलं असतं. कोंड्यासारखं झटकून ते पडत नाही. साधारण आठ-नऊ दिवसांत पिल्लू बाहेर येतं. टरफल मात्र केसाला तसंच चिकटून राहतं आणि केस वाढेल तसं टाळूपासून दूर सरकत जातं. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे लीख टाळूपासून किती दूर आहे यावरून तिचं वय कळतं. सहा मिलिमीटरच्या पलीकडची लीख अडीच आठवड्यांच्या घरात गेलेली असते, म्हणजे ती जवळजवळ नेहमीच फुटून गेलेली किंवा मेलेली.

गंमत पुढेच आहे. जिवंत लीख तपकिरी, केसांच्या रंगात मिसळणारी, बुडाशी दडलेली. रिकामं टरफल पांढरं, चकाकणारं, काळ्या केसावर लांबूनही दिसणारं. हौशी वेचणाऱ्याच्या हाती म्हणून आधी टरफलंच लागतात. तासभर खपून शंभर वेचली तरी उवांच्या पैदाशीवर काडीचा परिणाम होत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने सुचवलेली ओल्या केसांवर फणी फिरवण्याची पद्धत याच हिशेबावर आधारलेली आहे. केस धुऊन, कंडिशनर लावून, दातांमध्ये ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असलेल्या फणीने बुडापासून टोकापर्यंत विंचरायचं. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी. सतराव्या दिवशी पुन्हा तपासायचं. चार-चार दिवसांचं अंतर अशासाठी की मधल्या काळात अंड्यांतून निघालेली पिल्लं स्वतः अंडी घालण्याइतकी मोठी व्हायच्या आत फणीत सापडावीत. प्रत्येक लीख वेचण्याची गरजच उरत नाही.

हे न कळल्याचा सार्वजनिक परिणामही झालेला आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांमध्ये ‘एकही लीख नको’ असा नियम असे. डोक्यात लीख दिसली की मुलाला घरी पाठवायचं, आणि शेवटची लीख निघेपर्यंत वर्गात घ्यायचं नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आणि शालेय परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने हे नियम बंद करायला सांगितलं. कारणं साधी होती. बहुतेक लिखा टाळूपासून लांबच्या, म्हणजे टरफलं. त्या घट्ट चिकटलेल्या असल्यामुळे दुसऱ्याच्या डोक्यात जाण्याची शक्यता नगण्य. शिवाय तपासणारा तज्ज्ञ नसेल तर कोंडा आणि वाळलेला हेअरस्प्रेही लिखांमध्ये मोजला जातो. मुलांचे शाळेचे दिवस बुडत ते या टरफलांपायी.

दोष काढण्याची कसोटी मी इथूनच घेतो. दोष किती मोठा आहे हा प्रश्न बाजूला ठेवावा. तो मुळाशी आहे का, आणि त्यातून पुढे काही निपजणार आहे का, हे विचारावं. आकार आणि परिणाम यांचं नातं किती तकलादू असतं हे पाहायला तीन उदाहरणं पुरेत.

११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघालेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाच्या छोट्या इंजिनांचा जोर एक संगणक प्रणाली पौंड-बल-सेकंदांत, म्हणजे जुन्या इंग्रजी मापांत, देत होती. लेखी करारानुसार तो न्यूटन-सेकंदांत, म्हणजे मेट्रिक मापांत, देणं अपेक्षित होतं, आणि पुढची प्रणाली तसंच धरून चालली होती. फरक ४.४५ पटींचा. प्रत्येक वेळी इंजिन चालवल्यावर पडणारी चूक मामुली, पण नऊ महिने ती साठत गेली. मार्ग आखणाऱ्यांच्या हिशेबात मेळ बसत नव्हता, हे काहींच्या लक्षातही आलं होतं. पण शंका ठरलेल्या पद्धतीने नोंदवली गेली नाही आणि तिचा पाठपुरावा झाला नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी २२६ किलोमीटर उंचीऐवजी यान सुमारे ५७ किलोमीटरवर मंगळाच्या वातावरणात शिरलं. ते तगायला किमान ८० किलोमीटर हवे होते.

दुसरं उदाहरण औषधाच्या चिठ्ठीतलं. ‘१.०’ असं लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की ते ‘१०’ वाचलं जातं, मात्रा दहापट. ‘.५’ लिहिलं तर ते ‘५’ होतं. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये टाळायच्या खुणांची यादी काढली: पूर्णांकापुढे टिंब आणि शून्य लिहायचं नाही, अपूर्णांकाआधी शून्य लिहायचंच. चिठ्ठीत ‘१.०’ दिसल्यावर डॉक्टरला परत विचारणारी परिचारिका कीस पाडत नसते.

तिसरं, स्वल्पविरामाचं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा तासांच्या वाढीव मजुरीतून काही कामं वगळली होती. त्या यादीचा शेवट होता ‘पाठवणी किंवा वितरणासाठी बांधणं’ असाही वाचता येईल आणि ‘पाठवणीसाठी बांधणं, किंवा वितरण’ असाही वाचता येईल असा. कारण ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका दूधकंपनीचे वाहनचालक वितरण करत, बांधणी करत नसत. पहिला अर्थ धरला तर ते वगळलेल्यांत येत नव्हते, म्हणजे वाढीव मजुरी त्यांना लागू. २०१७ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींमध्ये स्वल्पविराम देऊ नये, असं त्या राज्याच्या मसुदालेखनाच्या पुस्तिकेतच लिहिलेलं होतं! मसुदा नियमाप्रमाणे निर्दोष होता. त्यावर हरकत घेणाऱ्याला निटपिकरच म्हटलं गेलं असतं.

उलट बाजू मला अमान्य नाही. बहुतेक बैठकांमध्ये बहुतेक आक्षेप टरफलांचेच असतात, आणि त्याचं कारण ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या सुमारास नेमकं मांडलं. त्यांच्या कल्पित समितीत एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण ती जवळजवळ कुणालाच समजत नाही. सायकली ठेवायच्या ३५० पौंडांच्या छपरीवर पाऊण तास चर्चा होते, कारण छपरी सगळ्यांना समजते. वर्षाच्या २१ पौंडांच्या कॉफीवर सव्वा तास. दोष शोधणारा आपल्या आवाक्यातला दोष शोधतो. शुद्धलेखनाची चूक काढायला विषय कळावा लागत नाही; म्हणूनच समाजमाध्यमांवर एखाद्याचा मुद्दा खोडता आला नाही की त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे बोट दाखवलं जातं. पांढरं टरफल ते. मुद्दा होता तिथेच राहतो.

पण यावरचा उपाय आक्षेपांना एकगठ्ठा नाव ठेवणं हा नव्हे. तपासणीची रीत सुधारली की निम्मी कटकट आपोआप जाते. ज्यांचा मसुदे, हिशेब किंवा आज्ञावली (संगणकाचा कोड) तपासण्याशी रोजचा संबंध आहे त्यांना यातलं बरंच ठाऊक असतं, आणि घाईत तेच आधी सुटतं.

पहिलं वाचन हातात पेन न घेता करावं. पेन हातात असलं की नजर पांढऱ्या ठिपक्यांकडेच जाते. मग दुसऱ्या वाचनात फक्त मुळाशी असणाऱ्या गोष्टी: आकडे, एककं, दशांशचिन्हं, तारखा, नावं, आणि कोणी काय कधीपर्यंत करायचं ते क्रियापद. ‘करता येईल’ आणि ‘करावं लागेल’ यांतला फरक कधीही क्षुल्लक नसतो. बेरजा पुन्हा कराव्यात, तक्त्यातला आकडा आणि परिच्छेदातला आकडा समोरासमोर ठेवून पाहावेत. मसुदा बदलताना एक दुरुस्त होतो आणि दुसरा राहतो, ही हमखास सापडणारी चूक. भाषा, विरामचिन्हं, मांडणी हे सगळ्यात शेवटी, आणि तेही मजकूर पक्का झाल्यावर. कच्च्या मसुद्यात वेलांट्या सुधारत बसलं तर पुढच्या फेरीत तो परिच्छेदच उडतो, आणि लेखकाला वाटतं की यांना एवढंच सांगायचं होतं.

एकच चूक वीस ठिकाणी असेल तर एकदा दाखवून ‘सर्वत्र’ एवढं लिहावं. वीस लाल खुणांमध्ये एककाची चूक बुडून जाते. लेखक आधी सोप्या दुरुस्त्या उरकतो आणि अवघड तशीच राहते. यंत्राला जमणारं काम माणसाने करूच नये. आज्ञावलीतली मोकळी जागा आणि कंस कुठे असावेत हे ठरवणारी साधनं आहेत. ती लावली की त्यावरचे वाद संपतात. आणि प्रत्येक आक्षेपात चार गोष्टी याव्यात: चूक कुठे, काय, तशीच राहिली तर काय होईल, त्याऐवजी काय लिहावं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर बहुधा ते टरफल आहे. चौथ्याचं सुचत नसेल तर तसं कबूल करून प्रश्न म्हणून मांडावं. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’च्या बाबतीत शंका असणाऱ्यांकडे उत्तर नव्हतं, तरी त्यांची शंका जिवंत होती. वितंडेचा नियम इथे शब्दशः लावून चालणार नाही.

‘निटपिकिंग’ या शब्दाचा प्रामाणिक वापरही आहे, आणि तो आज्ञावली तपासणाऱ्यांनी रूढ केला. गूगलने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तपासनिसाला सांगितलेलं आहे की मुद्दा निव्वळ शैलीचा किंवा किरकोळ असेल तर सुरुवातीला ‘निट:’ असं लिहा. म्हणजे लेखकाला कळतं की हे केलं तर बरं, नाही केलं तरी काम अडणार नाही. इथे आक्षेप किरकोळ असल्याचं आक्षेप घेणारा स्वतः सांगतो. ज्याच्या कामात चूक सापडली त्याला ते ठरवण्याचा हक्क आपसूक मिळत नाही. न्यायाधीश आणि आरोपी एकच व्हायला नकोत. त्यालाही आक्षेप फुटकळ वाटत असेल तर त्याने एका वाक्यात कारण लिहावं: हा आकडा पुढच्या कुठल्याच हिशेबात घेतलेला नाही, किंवा हा शब्द कुठल्याही अर्थाने वाचला तरी देणं बदलत नाही. असं वाक्य लिहायला बसल्यावर ते लिहिता येत नाही, असं अधूनमधून होतं. तेव्हा मसुदा परत उघडावा लागतो.